वेळणे तालुका वगळून

आईचा फोन कामाच्या वेळेत कधी येत नसे. त्या मंगळवारी सकाळी अकराला आला, तेव्हा वनिता शिगवणनं हातातलं काम तसंच टाकून तो घेतला.

"काय झालं, आये?"

"काय नाय गो. आपांचा पुस्तक आला ना?"

"आलं की. परवाच आलं. मी घेतलंसुद्धा."

"मग हितं का नाय येत? कासमच्या सुनेच्या वाचायच्या पाटीवर बगितला, ग्रामपंचायतीच्या पाटीवर बगितला. 'या तालुक्यात उपलब्ध नाही' म्हनून येतंय. गाव आमचा, बाया आमच्या, आनि पुस्तक मात्र आमाला नाय?"

वनिताला हसू आलं. काहीतरी तांत्रिक घोळ असेल, दोन दिवसांत सुटेल, असं तिनं सांगितलं. आई फोन ठेवेना.

"माझा पन लिवलाय आपांनी त्यात. काय लिवलाय ता मना बगायचाय."

"तुझं? तुझं काय लिहिलंय?"

"तू वाचलंस ना?"

"अजून सगळं नाही वाचलं."

"मग वाच," आई म्हणाली आणि फोन बंद झाला.

आपा म्हणजे जैनब मजगावकर. वेळणे खाडीच्या काठावरच्या आरोग्य उपकेंद्रात त्या एकतीस वर्षं नर्स होत्या. तालुक्यातली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मली होती, वनिताही त्यांतलीच. दहावीनंतर तिला रत्नागिरीला शिकायला पाठवा म्हणून वडिलांशी भांडणाऱ्याही आपाच. निवृत्तीनंतर सहा वर्षं खपून त्यांनी एक पुस्तक लिहिलं, 'उपकेंद्राचा ओटा'. पुण्यातल्या एका लहान प्रकाशकानं ते काढलं, अर्थात फक्त ई-पुस्तक. कागद इतका महाग झाला होता की लहान प्रकाशकांनी छपाई केव्हाच सोडून दिली होती. लोक पाटीवर वाचत. वहीएवढी, पातळ, उन्हातही कागदासारखी दिसणारी ही पाटी घरोघर होती, आणि खेड्यात ग्रामपंचायतीतून फुकट मिळे.

वनिताला हसू आलं त्याचं कारण वेगळं होतं. कोणतं पुस्तक कुठे उघडेल आणि कुठे उघडणार नाही, हे ज्या यंत्रणेनं ठरायचं, ती तिनंच बांधली होती.

ई-पुस्तक म्हणजे मुळात आकड्यांची एक गुंतवळ. ती सोडवायला किल्ली लागते. पूर्वी पुस्तक कोणत्या देशात उघडायचं ते वाचकाच्या इंटरनेटच्या पत्त्यावरून ठरे, आणि तो पत्ता खोटा सांगणं हा पोरखेळ होता. वनिताच्या गटानं किल्लीचे दोन तुकडे केले. एक पुस्तक विकत घेताना मिळे. दुसरा पाटीतली चिप जागच्या जागी तयार करी, डोक्यावरून फिरणाऱ्या दिशादर्शक उपग्रहांच्या संकेतांवरून. प्रत्येक उपग्रह आपल्या घड्याळातली वेळ सही करून पाठवत असतो. कुणाची वेळ किती उशिरा पोचली, यावरून आपण कुठे उभे आहोत ते काढता येतं. त्या सहीची नक्कल होत नाही, म्हणून जागाही खोटी सांगता येत नाही. चूक झालीच तर दोन मीटरची. पाटी हद्दीपलीकडे नेली की दुसरा तुकडा चुकीचा तयार होतो आणि अक्षरांच्या जागी राखाडी पान उरतं. फोटो काढावा म्हटलं तर तेही जमत नाही. अक्षरं तुकड्यातुकड्यांनी इतक्या झपाट्यानं उमटतात की डोळा ती जोडून घेतो, कॅमेऱ्याला नुसते पट्टे दिसतात.

स्थळकुलूप हे त्याचं नाव. आणि ते वनितानं चांगल्या हेतूनं केलं होतं. वेळण्याच्या शाळेत पुस्तकांचं एकच कपाट होतं आणि त्याची किल्ली हेडमास्तरांच्या जानव्याला असे. तिनं कंपनीला पटवलं, की पुण्यात चारशे रुपयांना विकलं जाणारं पुस्तक वेळण्यात वीस रुपयांना विकता येईल, जर ते वीस रुपयांचं पुस्तक वेळण्याबाहेर फुटणार नाही याची हमी असेल. प्रकाशकांना हमी मिळाली. पहिली दोन वर्षं खेड्यापाड्यांत इतकी पुस्तकं गेली की वनिताच्या टेबलावर अजून त्या वेळचं सन्मानचिन्ह होतं.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की तालुक्याला कुंपण घालता येत असेल तर आतला तुकडा वेगळा विकताही येईल. पूर्वी हक्क देशाचे विकले जात. आता ते जिल्ह्याचे आणि तालुक्याचे विकले जाऊ लागले. त्यासाठी हक्कबाजार उभा राहिला आणि सौदे आपोआप होऊ लागले.

दुपारी वनितानं हक्कनोंदणी उघडली. आपांच्या पुस्तकासमोर दोन ओळी होत्या. 'जागतिक हक्क, वेळणे तालुका वगळून : प्रकाशकाकडे.' आणि खाली, 'वेळणे तालुका, मुद्रित, ई-पुस्तक, ध्वनी व जाहीर वाचन, दहा वर्षे : खाडीकाठ वाचन प्रतिष्ठान.'

प्रतिष्ठानाचा पत्ता तिला तोंडपाठ होता. लहानपणी त्या फाटकासमोरूनच ती शाळेत जायची. खाडीच्या तोंडावरच्या रसायन कारखान्याचं फाटक.

तिनं करार वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात बेकायदा काहीच नव्हतं. प्रतिष्ठानानं बोली लावली होती आणि वाचनालयासाठी कुणी तालुका घेतंय म्हणून प्रकाशक खूश झाला होता. विकत घेतलेला हक्क वापरलाच पाहिजे असं मात्र कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते कलम घालायचं कुणाला सुचलं नव्हतं. तिलाही नाही.

जगात कुठेही वाचता येईल असं पुस्तक होतं ते. लंडनमध्ये, लातूरमध्ये. ज्या गावाबद्दल होतं, तेवढं सोडून.

तिनं आपांना फोन लावला.

"मला नोटीसही आलीये," आपा शांतपणे म्हणाल्या. "तालुक्याच्या हद्दीत मी माझं पुस्तक जाहीर वाचायचं नाही. वाचलं तर प्रकाशकावर दावा. तो बिचारा एवढासा माणूस गं, मरेल."

"पण त्यांना एवढी भीती कसली, आपा?"

"अठ्ठावीस तारखेला जनसुनावणी आहे. कारखाना दुप्पट करायचाय त्यांना. मी पुस्तकात कारखान्याला एक शिवी दिलेली नाही, वनू. फक्त कुठल्या साली कुठल्या वाडीत किती बायांची पोटं रिकामी झाली, ते लिहिलंय. एकेकीला वाटतं, आपलंच नशीब फुटकं. सगळ्यांचं एका जागी वाचलं तर तसं वाटणार नाही. एवढंच आहे त्या पुस्तकात."

"आपा, माझ्या आईचं..."

"वाच तू," आपाही तेच म्हणाल्या.

वनितानं पुस्तक तिथेच, ऑफिसच्या उपाहारगृहात बसून वाचलं. नवव्या प्रकरणात नावं बदललेली होती. 'सखू' नावाची एक बाई होती. खडकावरची कालवं फोडताना कोयतीनं तिच्या डाव्या हाताची करंगळी गेली होती, तिचा नवरा पोस्टात होता. कारखाना सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी सखूला सातव्या महिन्यात मुलगा झाला, मेलेला. पुढच्या वर्षी मुलगी झाली, ती दोन तास जगली. त्या दिवशी नवरा गावी नव्हता. सखूनं पोर फडक्यात गुंडाळलं, कालवांच्या टोपलीत ठेवलं, वर हिरवा पाला घातला आणि कुणी विचारू नये म्हणून रोजच्यासारखी चालत घरी गेली. आपा ओट्यावर उभ्या राहून तिला पाहत होत्या. 'मी तिला थांबवायला हवं होतं,' एवढंच त्यांनी पुढे लिहिलं होतं.

वनिताच्या आईला डाव्या हाताची करंगळी नव्हती. वनिता एकुलती एक, असंच ती अडतीस वर्षं समजत होती.

संध्याकाळी आईचा पुन्हा फोन आला. "वाचलंस?"

"हो."

"मग काय लिवलाय ता सांग."

वनिताला ते वाचून दाखवता आलं असतं. कुठलंही कुलूप आवाज अडवू शकत नव्हतं. नोकरीच्या कराराची भीतीही त्या क्षणी तिला वाटली नाही. पण टोपलीचं ते वाक्य ती आईला फोनवर वाचून दाखवू शकली नाही.

"मी येते," ती म्हणाली.

शुक्रवारी दुपारी ती वेळण्याला पोचली. तालुक्याच्या हद्दीच्या फलकाखालून एसटी गेली आणि पर्समधली तिची वाचनपाटी थरथरली. तिनं न पाहताच ओळखलं. पान राखाडी झालं होतं.

आई अंगणात टोपली घेऊन तयारच होती. "उद्या अवस. आज पान्याला चांगली ओढ हाय. येतेस काय? तिसऱ्या मिळतील." मुलगी पुण्याहून आली म्हणजे तिला आधी तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, खायला घालायच्या, मग बाकीचं, हा तिचा नेहमीचा क्रम होता.

अमावास्येच्या आसपास वेळण्याची खाडी संध्याकाळी पाचनंतर पार आटते. अर्धा किलोमीटर चिखल उघडा पडतो. सत्तरीची आई, सुलोचना, लुगडं खोचून त्या चिखलात अशी चालत होती, जशी वनिता ऑफिसच्या फरशीवर चालत असे. वनिता मागून घसरत, सावरत निघाली. पर्स तिनं गळ्यात अडकवली होती.

काठापासून साठ-सत्तर पावलांवर पर्स पुन्हा थरथरली.

तिनं पाटी बाहेर काढली. नववं प्रकरण उघडं होतं. अक्षरं काळीभोर, स्पष्ट.

आधी तिला वाटलं, चिप बिघडली. ती दहा पावलं मागे गेली, पान राखाडी झालं. पुढे आली, पुन्हा अक्षरं. तसं तिनं तीनदा केलं. आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"काय हरवलाय?"

"काही नाही," वनिता म्हणाली आणि एकदम हसत सुटली. "आये, आपण तालुक्यात नाही आहोत."

तालुक्यांच्या हद्दी तिच्या गटानं महसुली गावनकाशांवरून घेतल्या होत्या. आणि गावनकाशा भरतीच्या रेषेशी संपतो. त्यापुढच्या जमिनीला सातबारा नाही, सर्व्हे नंबर नाही. दिवसातून दोनदा पाण्याखाली जाणारी जमीन मोजणार कोण? बंगल्यांच्या, शेतांच्या, रस्त्यांच्या हद्दी तिनं स्वतः तपासल्या होत्या. या चिखलाचा विचार तिनं केला नव्हता, आणि प्रतिष्ठानाच्या वकिलांनीही नाही. त्यांनी वेळणे तालुका विकत घेतला होता. ही जागा उरलेल्या जगात मोडत होती.

"म्हनजे हितं वाचता येतंय?" आईनं विचारलं.

"येतं."

आईनं टोपली चिखलात ठेवली. पदरानं हात पुसले. "मग वाच."

"आये, घरी बसून मी तुला सांगते हळूहळू..."

"सांगू नको. लिवलाय तसा वाच."

वनितानं वाचलं. टोपलीचं वाक्य आलं तेव्हा आईनं फक्त मान हलवली, एखाद्यानं हिशोब बरोबर सांगितला म्हणजे हलवावी तशी. शेवटी आपांचं ते वाक्य आलं, 'मी तिला थांबवायला हवं होतं.'

"वेडी हाय," आई म्हणाली. "ती कशी थांबवनार? आत दुसरी बाई अडलेली तिच्याकडे." आणि थोड्या वेळानं, "आपांना ठाव हाय काय, की मी तिच्यावर रागावले नाय म्हनून?"

"तूच सांग ना."

"सांगते." मग ती वाकून चिखलात बोटं घालून तिसऱ्या शोधू लागली. वनितानं तिच्या शेजारी वाकून तेच केलं. त्याहून जास्त काही त्या दिवशी दोघींना जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी, अवसेला, आई आपांनाच घेऊन आली. अडुसष्ट वर्षांच्या आपा, एक हात सुलोचनाच्या खांद्यावर, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. वनितानं त्यांना हद्द समजावून सांगितली. आपांनी नोटीस सोबत आणली होती. ती त्यांनी पुन्हा एकदा वाचली.

"तालुक्याच्या हद्दीत, असंच लिहिलंय," त्या म्हणाल्या. "आयुष्यात कायदा मोडला नाही गं. आजही मोडत नाहीये ना?"

"नाही, आपा."

"मग दे ती पाटी."

त्या दिवशी ऐकायला सात बायका होत्या. टोपल्या घेऊन रोज येणाऱ्याच. रविवारी तीस झाल्या, वरच्या कुणबीवाडीतल्या, मोहल्ल्यातल्या, भंडारवाडीतल्या. सोमवारी शंभराच्या वर. आपांना एवढं उभं राहवेना, म्हणून कुणीतरी माशांचा उपडा क्रेट आणला. आपा त्यावर बसून वाचत आणि पाण्याची चाहूल घ्यायला दोघी जणी खाडीकडे तोंड करून उभ्या राहत. पाणी चढू लागलं की वाचन थांबे. वाचताना कुणी मोठ्यानं रडलं नाही. मध्येच कुणीतरी म्हणे, "ही मी गो," किंवा "ही आमच्या जावेची गोष्ट," आणि आपा तेवढ्यापुरत्या थांबत.

वनिता सोमवारी रात्रीच्या गाडीनं पुण्याला परतली. मंगळवारी सकाळी टेबलावर काम येऊन पडलेलंच होतं. 'तातडीचे. वेळणे तालुक्याची सीमारेषा समुद्राच्या दिशेने पाच किलोमीटर वाढवणे. विनंतीकर्ता : खाडीकाठ वाचन प्रतिष्ठान. जबाबदारी : वनिता शिगवण.'

ती ते घेऊन राजाध्यक्षांकडे गेली. श्रीनिवास राजाध्यक्ष तिचे प्रमुख. बारा वर्षांपूर्वी तिला नोकरीत घेणारे, स्थळकुलपाच्या कल्पनेवर पहिल्यांदा विश्वास ठेवणारे तेच.

"सर, हे मी करणार नाही."

राजाध्यक्षांनी चष्मा काढला. "तांत्रिक अडचण आहे का?"

"आहे म्हणून सांगू शकते. ओहोटीची रेषा रोज बदलते, ती ठरवायला सर्वेक्षण लागेल, वगैरे. पण ते कारण नाही."

तिनं त्यांना सगळं सांगितलं. आईचंही. इतक्या वर्षांत तिनं ऑफिसात घरातलं काही सांगण्याची ती पहिलीच वेळ होती.

राजाध्यक्षांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. "त्यांनी पैसे मोजलेत, वनिता. त्यांची मागणी करारात बसते. आपण काय वाचावं ते ठरवत नाही. आपण फक्त कुंपण घालतो."

"मीही असंच म्हणायचे. पण सर, एखादं पुस्तक गावात येऊ नये म्हणून पूर्वी त्यावर बंदी आणावी लागे. बंदीला आदेश लागतो, आदेशावर कुणाची तरी सही लागते, वर्तमानपत्रात बातमी येते, कोर्टात जाता येतं. आता काहीच लागत नाही. एक तालुका विकत घ्यायचा आणि गप्प बसायचं. हे आपण शक्य केलंय. मी केलंय."

"तू नाही केलंस तर दुसरं कुणीतरी करेल. पंधरा मिनिटांचं काम आहे."

"माहीत आहे."

"मग उपयोग काय?"

"माझ्या हातून होणार नाही, एवढाच."

राजाध्यक्षांनी तिच्या हातातला कागद घेतला, तारीख पाहिली. "आज बावीस. नवे नकाशे आपण दर महिन्याच्या एक तारखेला पाठवतो. मधेच पाठवायचे तर माझी विशेष परवानगी लागते." त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. "ती मी देणार नाही. नियमाला धरून आहे हे. एक तारखेला मात्र ते जाईल, वनिता. त्या वेळी तू इथे असशील तर सही तुझीच लागेल."

"मी नसेन," ती म्हणाली.

त्यांनी तिला समजावण्याचा प्रयत्न केला नाही. फक्त दारापर्यंत तिच्यासोबत आले. तसे ते कुणासोबत येत नसत.

अठ्ठावीस तारखेला वेळण्याच्या शाळेच्या मैदानावर मांडव पडला. समोर अपर जिल्हाधिकारी, प्रदूषण मंडळाचे अधिकारी, एका बाजूला कारखान्याची माणसं. पहिला दीड तास पडद्यावर आलेख दाखवण्यात गेला. मग जैनब मजगावकर उठल्या आणि आपल्या पुस्तकातले आकडे सांगू लागल्या. दुसऱ्याच वाक्याला कारखान्याचे वकील उभे राहिले.

"माझी हरकत आहे. या मजकुराच्या जाहीर वाचनाचे या तालुक्यातले हक्क लेखिकेकडे नाहीत. शिवाय जे पुस्तक या तालुक्यात उपलब्धच नाही, ते इथे पुरावा म्हणून कसं धरायचं?"

अधिकाऱ्यांनी कागद मागवला, वाचला आणि नाइलाजानं म्हणाले, "बाई, तुम्हाला पुस्तकातलं वाचता येणार नाही. कायदेशीर अडचण आहे."

आपा उभ्याच राहिल्या. चिखलात शंभर बायकांपुढे न अडखळलेल्या आपांनी ध्वनिक्षेपक खाली ठेवला. बाजूला उभ्या असलेल्या वनितानं त्यांच्याकडे जायला पाऊल उचललं. पण त्याआधीच मांडवाच्या मागून कुणीतरी बोललं.

"पुस्तक ऱ्हाऊ दे, साहेब."

सुलोचना शिगवण पुढे येत होती. ध्वनिक्षेपक कसा धरायचा ते तिला ठाऊक नव्हतं, तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

"पुस्तकात सखू लिवलाय, ती मी. माझा नाव सुलोचना. ऱ्हानार शिगवणवाडी. कारखाना झाल्यावर दुसऱ्या वर्षाला माझा पोरगा गेला, तिसऱ्या वर्षाला पोरगी गेली. पोरीला मी टोपलीतून घरी नेली. ह्या पुस्तकातला नाय, माझ्या तोंडातला हाय. लिवून घ्या."

वकील पुन्हा उभे राहू लागले, तेव्हा अधिकाऱ्यांनी हातानंच त्यांना बसवलं आणि लेखनिकाला म्हणाले, "नाव परत विचारा. नीट लिहा."

सुलोचनेमागे रांग लागली होती. मोहल्ल्यातली हसीना, भंडारवाडीतली पार्वती, कुणबीवाडीतल्या दोघी जावा. कुणी साल सांगितलं, कुणाला साल आठवेना तेव्हा मागून आपा सांगत. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस बायकांचे जबाब झाले. कारखान्याच्या वाढीला परवानगी त्या दिवशी मिळाली नाही. आधी सर्व वाड्यांची आरोग्य तपासणी व्हावी, असा शेरा पडला. कारखाना बंद झाला नाही. त्याच्या चिमणीतून धूर निघतच होता.

एक तारखेला नवा नकाशा गेला आणि चिखलातही पुस्तक बंद झालं. वनिता तेव्हा नोकरीत नव्हती. तिनं आणि त्या लहान प्रकाशकानं मिळून कराराचा एक नवा मसुदा केला होता, घेतलेला हक्क नव्वद दिवसांत वापरला नाही तर तो आपोआप लेखकाकडे परत. आणखी सहा प्रकाशकांनी तो मानला, मोठ्यांपैकी अजून कुणी नाही. लढाई लांबची होती.

पण सुनावणीच्या त्या संध्याकाळी मायलेकी मैदानावरून पायीच घरी निघाल्या होत्या. आईनं चपला हातात घेतल्या होत्या, लांब चालायचं असलं की ती तशीच चाले.

"तुला राग आला असंल," आई म्हणाली. "सगळ्या गावासमोर सांगितला, आनि तुला कदी नाय सांगितला."

"राग नाही आला. का नाही सांगितलंस, एवढंच वाटतं."

"काय सांगू? तू झालीस, जगलीस, धावायला लागलीस. त्यात ता कुठं सांगू?"

पुढे थोडी चढण होती. ती संपल्यावर वनितानं विचारलं,

"त्यांची नावं ठेवली होतीस?"

"आपांनी पन नाय विचारला कदी," आई म्हणाली. "पोरग्याचा नव्हता ठेवला. ता तर रडलाच नाय. पन पोर दोन तास होती. माझ्याकडे बगत होती. तिला हाक मारायला नाव नको काय?"

"काय नाव?"

आई चालायची थांबली. चपला खाली ठेवून तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मुलीकडे पाहिलं.

"वनिता," ती म्हणाली. "तिचाच नाव. मना ता सोडवेना. मग तू झालीस."